एकवीस मिनिटं वाचवणारा रस्ता

१

पुण्याच्या उत्तर अंगाला, आळंदीच्या वाटेवर विश्रांतवाडी आहे. नावात वाडी आहे, विश्रांती आहे. चौकात उभं राहून बघाल तर दोन्हींचा मागमूस नाही. तिथं मच्छिंद्र नावाचा एक भला माणूस राहत होता. त्याला प्रेमला नावाची बायको होती, रणजित नावाचा एकुलता एक मुलगा होता, पाण्याचे दोन टँकर होते, दुमजली घर होतं, दारात चारचाकी होती. देवानं सगळं दिलं होतं. एक सून तेवढी द्यायची राहिली होती.

रणजितला चौतिसावं लागलं होतं. दिसायला नीटस, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण मुलगी बघायला गेलं की पाचव्या मिनिटाला प्रश्न यायचा, "मुलगा काय करतो?" मच्छिंद्र सांगायचा, "पाण्याचा धंदा हाय." मुलीची आई खूश होऊन विचारायची, "बाटल्यांचा का?" "न्हाई, टँकर." की त्या माउलीचा चेहरा नळाचं पाणी गेल्यासारखा व्हायचा. एक दिवस रणजितचा टँकर आला नाही तर ज्यांची आंघोळ चुकायची, त्यांनाही जावई टँकरवाला नको होता.

अशा बावीस मुली झाल्या. बावीस घरचे पोहे झाले. कुठं कच्चे दाणे, कुठं करपलेला कांदा, एका घरी तर चमचा उभा केला की उभाच राहिला. पण प्रेमलानं प्रत्येक ठिकाणी मान डोलावली आणि म्हणाली, "पोहे छान झालेत हो." मुलीच्या घरी नावं ठेवायची नाहीत, ही रीत. नावं ठेवायला परतीचा रस्ता असतो.

तेविसावं स्थळ खराडीचं. मुलगी निशा, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. स्थळ आणलं होतं रावसाहेबांनी. ते मच्छिंद्रचे चुलतभाऊ. लग्नं जमवायचा त्यांना नाद होता.

"वहिनी, एक ध्यानात ठेवा," रावसाहेब म्हणाले. "मुलीचा बाप रामदास घड्याळाचा माणूस हाय. रविवारी अकरा म्हंजे अकरा. साडेबाराला बारामतीकडचे दुसरे पाव्हणे यायचेत, मुलगा इंजिनेर हाय. ते यायच्या आत पोरीच्या मनात भरलात तर भरलात. न्हाईतर माझ्या वहीत आता पानच न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे स्थळं संपली."

त्या रात्री प्रेमलाच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

२

रणजितचं एक होतं. आईचं ऐकायचा नाही, बापाचं ऐकायचा नाही, पण फोनमधली बाई म्हणाली "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा," की वळायचा. टँकरही तिच्याच सांगण्यावर चालवायचा. प्रेमला तिला 'बया' म्हणायची. लग्न ठरायच्या आधीच मुलगा दुसऱ्या बाईच्या शब्दात गेला, असं तिचं म्हणणं.

"तिला कसं कळतं रं, फुडं गर्दी हाय? विमानातनं बघती व्हय?"

"आई, सगळ्यांच्या खिशात फोन असतात. फोन हळू सरकायला लागले, एका जागी बसले, की तिला कळतं की इथं कोंडी आहे. मग रस्ता लाल दिसतो. जास्त कोंडी, जास्त लाल."

"म्हंजे ती गाड्या मोजत न्हाई."

"नाही. फोन मोजते."

"आन् एखादा फोन घिऊन झाडाखाली झोपला तर?"

"एकानं काय होतंय? लाल व्हायला पुष्कळ लागतात."

प्रेमलाला हे पटलं. शाळा तिनं बाहेरूनच पाहिली होती, पण मोजणं तिला फार आवडायचं. डबे मोजायची, पायऱ्या मोजायची, जेवणावळीत पानं मोजायची.

३

रविवारी दहाला निघाले. मच्छिंद्रनं नवी कोल्हापुरी चप्पल घातली होती. ती असली करकरायची की तो जिना उतरला तेव्हा शेजारचं कुत्रं उठून बसलं.

विमाननगरपर्यंत ठीक होतं. नगर रोडला लागले आणि गाडी चिकटली. पुढं बस, मागं बस, डावीकडं रिक्षा, उजवीकडं स्कूटरवर एक कुटुंब, त्यांच्या मांडीवर कुंडीतलं झाड. साडेदहा झाले. प्रेमला मनातल्या मनात देव मोजायला लागली.

तेवढ्यात बया बोलली, "वेगवान पर्याय उपलब्ध आहे. तुमची एकवीस मिनिटं वाचतील."

"बघ!" रणजित म्हणाला आणि उजवीकडं नदीच्या अंगाला वळला.

एक वळण, दुसरं वळण, आणि आवाज बंद झाला. दार लावल्यावर होतो तसा. गल्ली लांबलचक, स्वच्छ, दोन्हीकडं भिंती. प्रेमलाला बरं वाटायला हवं होतं, पण तिच्या जिवाला काहीतरी टोचत होतं. गतिरोधक एकही नव्हता. कुत्रं नव्हतं. भिंतीला लावलेली स्कूटर नव्हती. एक फाटक गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. एकावरही पाटी नव्हती. 'येथे वाहने लावू नयेत' नाही, 'बेल एकदाच वाजवावी' नाही, काही नाही.

पुण्यात फाटक आहे आणि त्यावर कुणाला काही बजावलेलं नाही! इथली माणसं फार चांगली असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण मन म्हणालं, एवढी चांगली माणसं पुण्यात असती तर आत्तापर्यंत कळलं असतं.

"आई, हे बघ गंमत," रणजित म्हणाला. फोनवर ती गल्ली लालभडक झाली होती. सुकलेल्या रक्तासारखी गडद.

समोर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"पुढे वाहतूक कोंडी आहे," बया म्हणाली. "तरीही तुम्ही सर्वात जलद मार्गावर आहात." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही पोहोचला आहात. तुमचं ठिकाण डावीकडे आहे."

४

दारात एक गृहस्थ उभे होते. पांढरा सदरा, हात जोडलेले. जसे काही सकाळपासून तसेच उभे असावेत.

"या, या. यायला त्रास नाही ना झाला?"

मुलीकडचे हेच म्हणतात. बावीस घरी हेच ऐकलं होतं. मग कोण विचारतंय की तुम्हीच रामदास ना? मुलगी बघायला जायचं आणि बापाला नाव विचारायचं, म्हणजे स्थळाची चौकशीही न करता आलो म्हणून सांगण्यासारखं. तिघं हसले, वाकले, पायातलं काढलं.

दाराशी चपलांचा ढीग होता. काळे बूट, सोनेरी पट्ट्यांच्या बायकी चपला, म्हाताऱ्यांच्या टायरच्या वहाणा. चाळीस जोड तरी भरतील, प्रेमलानं मोजायला घेतले.

"भावकी मोठी दिसती," मच्छिंद्र कुजबुजला.

आत बघतात तर माणसं दोन. हे गृहस्थ आणि त्यांची बायको.

खोली नीटनेटकी होती. चार खुर्च्या, एक दिवाण, आतल्या दाराला हिरवा पडदा. भिंतीवर घड्याळ. टकटक आवाज करायचं, पण प्रेमलानं नीट पाहिलं तर काटा पुढं जायचा आणि तेवढाच मागं यायचा. सेल उतरला असेल, ती मनात म्हणाली. घरात लग्नकार्य काढलंय आणि सेल बदलत नाहीत म्हणजे चिकट असतील. चिकट चालतील. सून चिकट असलेली बरी.

पण वासाचं काय करायचं? मुलगी बघायच्या घरात शिरलं की आधी फोडणी येते अंगावर. मोहरी, कढीपत्ता, हिंग. इथं कशाचाच वास नव्हता. धुतलेल्या रिकाम्या भांड्याला येतो तेवढाच.

"रावसाहेब आले न्हाईत का?" मच्छिंद्रनं विचारलं.

"आत बसलेत," गृहस्थ म्हणाले.

आणि खरंच, पडद्याआड कुणीतरी रावसाहेबांसारखं खोकलं. त्या खोकल्याला आणखी चार जणांनी खोकून साथ दिली. मग सगळं शांत.

५

मुलगी ट्रे घेऊन आली. खाली मान, अबोली रंगाची साडी.

"आमची वासंती," आई म्हणाली.

प्रेमलानं मच्छिंद्रकडं पाहिलं. मच्छिंद्रनं रणजितकडं पाहिलं. "पत्रिकेत निशा हाय ना?" "घरात वासंती म्हणत असतील," प्रेमला दबक्या आवाजात म्हणाली. बाहेर एक आणि घरात एक, अशी नावं काय थोडी असतात?

बशा हातात आल्या. पोहे दिसायला देखणे, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. वाफही निघत होती. पण प्रेमलानं बशीला खालून हात लावला तर बशी थंडगार.

"घ्या ना," गृहस्थ म्हणाले.

"घ्या ना," बायको म्हणाली.

पडद्याआडून कुणीतरी हळूच म्हणालं, "घ्या ना."

मच्छिंद्रनं दोन चमचे तोंडात घातले आणि सवयीनं म्हणाला, "वा, छान झालेत पोहे."

गृहस्थांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आणि मच्छिंद्र, जो आयुष्यात कधी कुणाच्या घरात पाहुण्यांच्या खोलीपलीकडं गेला नव्हता, तो मान वळवून पडद्याकडं बघायला लागला. "आत गार वाटत आसंल न्हाई? जरा आत बसावं का?"

"या की," गृहस्थ म्हणाले. "जागा आहे."

रणजितनं कपाळाचा घाम पुसायला रुमाल काढला, त्याबरोबर फोन निघाला. नकाशावर गल्लीचा लाल धागा कुठं जातो ते प्रेमलानं तिरक्या नजरेनं पाहिलं. तो रस्त्यावर नव्हताच. रस्त्यावरून वळून या घरात शिरला होता, आणि आत त्याची गाठ झाली होती.

६

प्रेमलानं चार दाणे जिभेवर ठेवले. मग आणखी चार ठेवले. मग बशी मांडीवर ठेवली.

आता काय झालं ते समजून घ्या. बावीस घरी ती खोटं बोलली होती. बावीस वेळा छान म्हणून काही जमलं नव्हतं. रात्रभर झोप नाही, रावसाहेबांच्या वहीत पान नाही, नवरा भलत्याच पडद्याकडं बघतोय. बाईचा तोल जायचा तो असाच जातो.

"पोह्यात मीठ न्हाई," ती म्हणाली.

घड्याळाचा काटा पुढं गेला आणि मागं यायचा विसरला.

"आई!" रणजित पुटपुटला. त्याला वाटलं, तेविसावीही गेली.

"न्हाई तर न्हाई! रोज सैपाक करते मी. चिमूटभरबी न्हाई ह्यात. आणा जरा मीठ."

मुलीच्या आईनं नवऱ्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण आता ते कुणाच्या मालकीचं नव्हतं. "हो हो, आणते ना," म्हणत ती पडद्याआड गेली.

आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ठक्कन बसलं. दुसरं उघडलं. बसलं. तिसरं. प्रेमला मोजायला लागली. तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात बावीस डबे होते आणि दिवाळीला जाऊबाई बघून जळायची. इथं पंचवीस झाले. तीस झाले. आवाज लांब लांब जायला लागला, जसं काही फळीच्या मागं फळी, खोलीच्या मागं खोली. "सापडत नाही वाटतं," म्हणून गृहस्थही उठून आत गेले. आता दोन झाकणं एका वेळी वाजायला लागली.

एकेचाळीस.

"मी बघू का जाऊन?" मच्छिंद्र उठला. प्रेमलानं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं, पण गडी पडद्यापर्यंत पोहोचलाच, आणि त्याच्या खांद्यानं पडदा वीतभर सरकला.

७

प्रेमलानं एवढंच पाहिलं.

खोली लांब होती. बाहेरून घर एवढं लांब नव्हतं. दोन्ही भिंतींना खुर्च्या, खुर्च्यांत माणसं. तीन तीन, चार चार जणांचे गट. मधे इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा, शेजारी टोपी घातलेला बाप, डोक्यावर पदर घेतलेली आई. सगळ्यांच्या मांडीवर बशी. मुलांच्या हातात फोन, आणि फोनांच्या उजेडात निळसर तोंडं. लांबवर, जिथं उजेड पुरत नव्हता, तिथं बसलेल्यांच्या हातात फोन नव्हते, पत्त्यांचे कागद होते. त्याच्याही पलीकडं कोणीतरी होतं.

कुणी बोलत नव्हतं. कुणी खात नव्हतं. सगळे, मुलगी आता येईल, अशा बेतानं बसले होते.

अगदी अलीकडं तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. शेजारचा एक म्हातारा अदबीनं जरा सरकला, मच्छिंद्रला जागा करून द्यायला.

पडदा मिटला.

"मीठ नाहीये घरात," वासंती म्हणाली. ती ट्रे घेऊन इतका वेळ तशीच उभी होती. तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. मुलगी दिसायला छान होती, हे प्रेमलाला अजूनही कबूल करावं लागतं. "इतके जण येऊन गेले... येऊन बसले. सगळे छान म्हणाले. कुणी बोललंच नाही हो."

"पोरी, तू..."

"आईचे डबे संपायच्या आत जा."

प्रेमलानं नवऱ्याचा सदरा असा ओढला की दोन बटणं उडाली.

८

दाराशी मच्छिंद्र चपला शोधायला वाकला.

"अहो, चला!"

"नवी हाय गं! कालच घेतली. ह्या ढिगात..."

"न्या मग ढीग, आन् बसा त्या म्हाताऱ्याशेजारी! चला म्हणते ना!"

तिघं तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी पळत गाडीत बसले. रणजितनं गाडी उलटीच मागं घेतली, वळवायला थांबलाच नाही. फाटकावर पाटी नाही, फाटकावर पाटी नाही, पुन्हा फाटकावर पाटी नाही. बया फोनमधून सांगत होती, "शक्य असेल तेव्हा मागे वळा." मग म्हणाली, "मागे वळा." मग नुसतंच, "वळा ना."

प्रेमलानं फोन घेतला, सीटवर ठेवला आणि त्यावर बसली. खालून बारीक आवाज येत राहिला. तिनं आणखी भार दिला.

एकाएकी हॉर्न ऐकू आले. धूर आला, शिव्या आल्या, बस आली. नगर रोड! प्रेमलाला त्या कोंडीच्या पाया पडावंसं वाटलं. गाडीतल्या घड्याळात बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. घरात पाव तास तरी बसलो असू की नाही?

शहाळीवाल्याच्या हातगाडीशी एक आजोबा उभे होते. रणजितनं काच खाली करून खराडीच्या गावठाणातला पत्ता विचारला.

"फोन नाही वाटतं?" आजोबा म्हणाले. "हल्ली त्यातच असतं ना सगळं."

"हाय," प्रेमला म्हणाली. "पण आमी बोलत न्हाई तिच्याशी."

आजोबांनी जन्मात पहिल्यांदाच एका दमात, टोमणा न मारता पत्ता सांगितला.

९

रामदास फाटकात उभे होते. फाटकावर मोठी पाटी होती: 'गाडी आत आणू नये. बाहेरही लावू नये.' ती बघून प्रेमलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अकराला बोलावलं होतं," रामदास मनगट पुढं करून म्हणाले. "हे कुठल्या देशातले अकरा?"

मागून रावसाहेब आले, लालबुंद. "रणजित, अरे चारदा फोन केला मी! चारी वेळा उचललास, आन् म्हणतोस, आत बसलोय काका, तुमीबी या. मी चप्पल घालून निघतच होतो की!"

रणजितनं भिंतीला हात टेकला. फोन त्यानं एकदाही उचलला नव्हता.

आतून निशा आली. तिनं तिघांच्या पायांकडं पाहिलं आणि काही न विचारता बादलीभर पाणी आणून ठेवलं. "आधी पाय भाजलेत ते बघा," ती म्हणाली. "कुठं होतात?"

"दुसऱ्याच घरी," रणजित म्हणाला. त्याला खोटं सुचलंच नाही. "मुलगी पण दाखवली."

"मग?"

"तिनं घालवून दिलं."

निशा फसकन हसली. "आता ओळख नसलेल्या मुलीही नकार द्यायला लागल्या तुम्हाला?"

तेवढ्यात रामदासांचा फोन वाजला. बारामतीकडचे पाहुणे. रामदासांना ऐकायला कमी, म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजात. "नमस्कार साहेब! नगर रोडला फार कोंडी होती, पण फोननं मधला रस्ता दिलाय. एकवीस मिनिटं वाचली बघा. गल्ली लाल दाखवतोय येडा, पण मोकळी आहे. आलोच."

प्रेमलानं ती गल्ली लगेच ओळखली.

खरं सांगायचं तर तिच्या मनात आधी दुसरंच आलं. नुसतं गप्प बसायचं. इंजिनेर मुलगा येणारच नाही, कधीच नाही. रावसाहेबांच्या वहीत पान नाही, रणजित चौतीस वर्षांचा, आणि समोर ही मुलगी, जी बादली आणून ठेवते आणि मग बोलते. कुणाला कळणारही नव्हतं. तिनं एक श्वास घेतला, दुसरा घेतला. मग तिला ते इस्त्रीचे शर्ट आठवले.

तिनं रामदासांच्या हातातून फोन हिसकावला.

"ओ पाव्हणं! फाटकांवर पाट्या हायत का?"

"पाट्या? नाही बुवा. कोण बोलतंय?"

"खाली उतरू नका! गाडी मागं घ्या!"

पलीकडं खरखर झाली. मग बारीक, गोड आवाज आला, बाईचा. "अहो, तुम्ही अशा न खाताच का गेलात? मीठ सापडलं हो. या ना."

अंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांनी तो आवाज ऐकला, पण भ्याली एकटी प्रेमला. आणि भ्याली की तिला गाव आठवायचं. विश्रांतवाडी शहरात गेली नव्हती तेव्हा बांधाच्या भांडणात तिची सासू जी शिवी द्यायची, ती ठेवणीतली, सात पिढ्या उकरणारी अख्खी शिवी प्रेमलानं त्या फोनमध्ये घातली. रामदासांचे कमी ऐकू येणारे कानसुद्धा तांबडे झाले.

फोनमधून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. "बाई, तोंड सांभाळा!" बारामतीकर ओरडले. "आधी गाडी मागं घ्या, मग भांडायला या!" प्रेमला ओरडली.

एक वाजता ते आले, सातच्या सात जण, पायांत बूट, तोंडं रागानं फुगलेली. "कुठाय ती बाई?" प्रेमलानं हात वर केला आणि सातही माणसं एकदा मोजून घेतली. भरली. मग ती अंगणातच खाली बसली.

१०

पाहुण्यांचं पोहे-पाणी चाललं होतं तेव्हा निशा मागच्या दारी प्रेमलापाशी आली.

"काकू, ते आले नसते तर तुमचंच जमलं असतं ना?"

"व्हय."

"मग कशाला बोलावलंत?"

प्रेमलानं पदर नीट केला. "त्यांच्या घरीबी कुणीतरी वाट बघत आसंल की गं."

निशा वळली. आत जाऊन वडिलांना म्हणाली, टँकरवाला चालेल. रामदासांना वाटलं, नीट ऐकू आलं नाही. त्यांनी तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर आलं.

पुढं एकदा रणजित टँकर घेऊन त्या अंगाला गेला होता. दोन भिंतींच्या मधे गल्ली नव्हतीच, बोटही शिरलं नसतं. नकाशावर मात्र नखाएवढा लाल धागा होता. त्यानं फोन बंद केला आणि पाणी उतरवायला गेला. लग्नपत्रिकेवर प्रेमलानं नकाशा छापू दिला नाही. खाली एकच ओळ घालायला लावली, 'विचारत विचारत यावे.' नऊशे माणूस विचारत विचारत आलं. निम्म्यांनी वाटेत टोमणे खाल्ले, पण पंगतीला सगळे पोहोचले.

आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी विश्रांतवाडीच्या त्या दुमजली घरात निशानं उंबऱ्यावरचं माप ओलांडलं. तांदूळ पार जिन्यापर्यंत उधळले. प्रेमला अशी बाई, की जमिनीवर एक दाणा पडलेला तिला खपायचा नाही. पण त्या दिवशी तिनं केरसुणीला हात लावू दिला नाही. दिवसभर सगळ्यांना सांगत होती, "बाजूनं जा, बाजूनं जा, माझ्या सुनंनं सांडलेत." मच्छिंद्र-प्रेमलाचं ताटकळलेलं कार्य जसं उभं राहिलं, तसं ज्या कुणाच्या उंबऱ्यावर माप भरून ठेवलंय आणि पाऊल अजून यायचंय, त्यांच्याही घरात तांदूळ असेच जिन्यापर्यंत जावोत.